बोईसरची बास, नागोयाचा नंबर

वीकेंडला कुठे जायचं? हा प्रश्न शुक्रवारी दुपारच्या चहाला पडतो आणि उत्तरंही ठरलेली असतात. अलिबाग, लोणावळा, नाहीतर कर्जतचं एखादं फार्महाउस. पालघर-बोईसरचं नाव कुणी काढत नाही. काढलंच तर केळव्याच्या बीचपुरतं. बोईसर म्हणजे एमआयडीसी, तारापूर म्हणजे अणुवीज केंद्र, पालघर म्हणजे २०१४ साली झालेल्या नव्या जिल्ह्याचं कलेक्टर ऑफिस. झालं, विषय संपला!

मी मात्र याच पट्ट्यात दोन अख्खे दिवस मनापासून घालवून आलो. समुद्रासाठी नाही, मासळीसाठीही नाही (बरं, मासळी होतीच). मी गेलो होतो एका गिटारचं वय शोधायला. साधी गिटार नाही, इलेक्ट्रिक बास. चार जाड तारांची, खांद्याला ओझं होणारी, गाण्यात असली तर कुणाच्या लक्षात येत नाही आणि नसली तर काहीतरी चुकतंय असं सगळ्यांना वाटतं, ती!

झालं असं, की ऑफिसमधला माझा एक मित्र मूळचा बोईसरचा. मी सोमवार ते शुक्रवार एक्सेल शीटमध्ये आणि शनिवार-रविवार बास घेऊन बसलेला असतो, हे त्याला ठाऊक. एकदा कॅन्टीनमध्ये म्हणाला, "आमच्या घरी आजोबांची एक बास पडलीय. मुंबईहून एक जण बघून गेला. कोरियन कॉपी आहे म्हणाला, सात हजार देतो. काका विकायला निघालेत, आजी जेवत नाहीये. तू एकदा येऊन बघशील का?"

सात हजारांसाठी कुणाची आजी जेवायची थांबत नाही. म्हणजे मामला वेगळा होता.

विरार सुटलं की

डहाणू लोकल ही एप्रिल २०१३ पासूनची सोय. त्याआधी विरारच्या पुढे म्हणजे शटल आणि मेमूचा भरवसा. आता चर्चगेटवरून निघालेली लोकल थेट डहाणूपर्यंत जाते. विरारपर्यंत जीव मुठीत, पण विरार सुटलं की गाडीचा स्वभावच बदलतो. वैतरणेची खाडी येते, दोन्ही बाजूंना खारफुटी, मग सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी आणि बोईसर. चर्चगेटपासून शंभरेक किलोमीटर. डब्यात मासळीच्या पाट्या, एमआयडीसीचे आयकार्ड गळ्यात अडकवलेले इंजिनिअर, कॉलेजची पोरं आणि दाराशी उभं राहून मोबाइलवर गाणं लावणारा एक तरी महाभाग.

बोईसरला उतरलं की पश्चिमेला तारापूर एमआयडीसी सुरू होते. केमिकल, स्टील, कापड, औषधं. त्याच्याही पुढे समुद्राकडे अणुवीज केंद्र. २८ ऑक्टोबर १९६९ ला इथल्या पहिल्या दोन युनिट्समधून व्यावसायिक वीजनिर्मिती सुरू झाली, देशातलं हे पहिलं अणुवीज केंद्र. कारखाने आले, नोकऱ्या आल्या, देशभरातून माणसं आली. आणि माणसं आली की गणपती, नवरात्र, लग्नं, वार्षिक स्नेहसंमेलनं आणि अर्थातच ऑर्केस्ट्रा आला! सत्तर-ऐंशीच्या दशकात करमणूक म्हणजे स्टेजवर अकॉर्डियन, बाँगो, गिटार आणि पांढरे बूट घातलेला गायक.

मित्राचे आजोबा अशाच एका हौशी ऑर्केस्ट्रात बास वाजवायचे. त्याआधी ते बोटीवर होते. या किनाऱ्यावर 'बोटीवर' म्हटलं की मासेमारीची होडी नाही, मालवाहू जहाजावरची नोकरी. वर्षातले नऊ-दहा महिने समुद्रावर आणि घरी येताना एक मोठी ट्रंक. १९९१ पूर्वीच्या लायसन्स-परमिटच्या काळात परदेशी वस्तू दुकानात जाऊन आणणं सोपं नव्हतं. टू-इन-वन, घड्याळं, कॅमेरे आणि वाद्यंसुद्धा या देशात आली ती मोठ्या प्रमाणात बोटीवरच्या माणसांच्या सामानातून. गोव्यात, वसईत आणि इथे पालघरच्या किनाऱ्यावर तुम्हाला अशा कथा घराघरांत मिळतील. काही कथांच्या सोबत वस्तूही शिल्लक आहेत.

माळ्यावरची मोठी गिटार

नवापूरच्या रस्त्यावर एक बैठं घर. अंगणात चिकूचं झाड, पडवीत झोपाळा. आजींनी पाण्याचा तांब्या पुढे केला आणि थेट विचारलं, "तू घ्यायला आलायस का बघायला?"

"बघायला, आजी."

"मग बस."

बास एका लाकडी पेटीत होती. पेटी इथल्याच सुताराने केलेली, आत जुन्या साडीचं अस्तर. बास मात्र देखणी! लाकडाचा मूळ रंग दिसेल अशी पारदर्शक पॉलिशची बॉडी, दोन पिकअप, फेंडरच्या जॅझ बासच्या वळणाची. खालच्या शिंगाला एक टवका उडालेला. ब्रिजवर गंज. समुद्राची हवा लोखंडाला सोडत नाही, तिथे बिचाऱ्या ब्रिजचं काय? डोकं, म्हणजे जिथे तारा पिळायच्या खुंट्या असतात तो भाग, काळ्या ऑइलपेंटने रंगवलेला. त्यावर लाल अक्षरांत ऑर्केस्ट्राचं नाव. कंपनीचं नाव त्याखाली गाडलं गेलेलं. मुंबईहून आलेल्या माणसाने 'नाव नाही म्हणजे भाव नाही' हा सोपा हिशेब मांडला होता.

मग काकांनी त्यांची बाजू सांगितली. काका म्हणजे घरातले थोरले, १९७० चा जन्म. शांतपणे बोलत होते, पण आवाजात जुना राग होता. १९८४ साली आजोबांचा कारखाना आठ महिने बंद होता. त्याच वर्षी आईच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या गेल्या आणि त्याच वर्षी एका संध्याकाळी बाबा ही पेटी खांद्यावर टाकून घरी आले. "मी चौदा वर्षांचा होतो. मला सगळं कळत होतं. चोरबाजारातून आणली असणार. घरात रॉकेलला पैसे नव्हते आणि यांना गिटार पाहिजे!"

आजी आतून म्हणाल्या, "शेवटच्या बोटीवरून आणली ती. एकोणऐंशी साली."

हा वाद या घरात चाळीस वर्षं चालू होता. आजोबा २००९ साली गेले, वाद राहिला. म्हणजे मला फक्त मेक आणि मॉडेल सांगायचं नव्हतं. मामला १९७९ की १९८४, असा होता.

नंबर बोलतो, पण किती?

जुनी जपानी गिटार ओळखायची तर सुरुवात पाठीमागून करायची. मान आणि बॉडी जिथे जोडलेली असते तिथे एक चौकोनी धातूची पट्टी असते, चार स्क्रूंनी बसवलेली. तिच्यावर किंवा डोक्याच्या मागे नंबर असतो. मी जुना टूथब्रश आणि थोडं रॉकेल घेऊन पट्टी घासली. हिरवट थर निघाला आणि खालून एक इंग्रजी अक्षर उमटलं: सी. मग ७८. मग आणखी चार आकडे.

मला तिथेच उडी मारावीशी वाटली!

कारण सांगतो. 'आयबानेझ' हा नागोया शहरातल्या होशिनो गाक्की या कंपनीचा ब्रँड. १९७५ च्या उत्तरार्धापासून १९८६ पर्यंत जपानमध्ये बनलेल्या त्यांच्या बहुतेक गिटारचा नंबर एका साध्या पद्धतीने लिहिलेला असतो. पहिलं अक्षर महिना: ए म्हणजे जानेवारी, बी फेब्रुवारी, असं एल म्हणजे डिसेंबरपर्यंत. पुढचे दोन आकडे साल. उरलेले चार आकडे अनुक्रमांक. सी ७८ म्हणजे मार्च १९७८. झाला पत्ता!

प्रत्येक कंपनीची पद्धत मात्र वेगळी. मात्सुमोकू कारखान्यात बनलेल्या 'आरिया प्रो टू'वर बऱ्याचदा पहिले आकडेच साल सांगतात. फेंडर जपान ही कंपनी १९८२ साली सुरू झाली, तिच्या पहिल्या गिटारवर जेव्ही ही अक्षरं असतात, 'जपान व्हिंटेज'ची. यामाहाचं तर कोडंच! काही काळ त्यांनी आकड्यांऐवजी अक्षरं वापरली. एच म्हणजे १, आय म्हणजे २, जे म्हणजे ३. त्यात सालाचा शेवटचा आकडा कळतो, दशक कळत नाही. ते तुम्ही मॉडेलवरून ओळखायचं. आणि साठच्या दशकातल्या स्वस्त जपानी गिटारवर बऱ्याचदा नंबरच नसतो, नुसतं 'स्टील अॅडजस्टेबल नेक' असं छापलेलं.

जपानी कागदपत्रांवर किंवा लेबलांवर साल शोधताना आणखी एक गंमत लक्षात ठेवा. तिथे सम्राटाच्या कारकिर्दीप्रमाणे वर्षं मोजतात. शोवा ५३ असं दिसलं तर त्यात १९२५ मिळवायचे, म्हणजे १९७८. आपल्याला हे अवघड जाऊ नये. आपण कालनिर्णयात शके बघतोच की! गुढीपाडव्यानंतरच्या शकात ७८ मिळवले की इसवी सन. १९७८ च्या पाडव्याला शके १९०० लागलं. एका गिटारला वाढदिवस साजरा करायला यापेक्षा गोल आकडा कोणता मिळणार?

पण नंबरवर लगेच विश्वास ठेवायचा नाही. पट्टी चार स्क्रूंची असते. चार स्क्रू काढले की ती दुसऱ्या गिटारला बसते! म्हणून बाकीच्या भागांचीही साक्ष काढायची. लाकूड, वायरिंग, स्क्रू, पॉलिश, सगळ्यांची. सगळे एकाच वर्षाबद्दल बोलायला लागले तर खरं.

व्हर्नियर, पिच गेज आणि एक ठिपका

मुंबईत हे काम करायचं तर रिपेअरवाला शोधावा लागला असता. पण आपण बोईसरमध्ये होतो! इथे गल्लोगल्ली वर्कशॉप. मित्राचा मावसभाऊ एका छोट्या युनिटमध्ये फिटर आहे. रविवारी सकाळी त्याने शटर अर्धं वर केलं, बाकावर स्वच्छ फडकं टाकलं आणि बास त्यावर एखाद्या पेशंटसारखी झोपवली.

त्याने आयुष्यात कधी बास हातात घेतली नव्हती. पण मोजमाप ही त्याची मातृभाषा. मी म्हटलं, वरच्या हाडापासून बाराव्या पट्टीपर्यंत मोज. ४३२ मिलिमीटर. दुप्पट ८६४, म्हणजे चौतीस इंच. लिओ फेंडरने १९५१ साली जी प्रिसिजन बास बाजारात आणली तिचं हेच माप, आणि आजही बहुतेक बास याच मापाच्या. साठच्या दशकातल्या बऱ्याच स्वस्त जपानी बास तीस इंची असत. म्हणजे ही खेळण्यातली नव्हती.

मग त्याने ब्रिजचा एक बारीक स्क्रू काढला, व्हर्नियरमध्ये धरला, पिच गेज लावलं. "तीन एमएम, पॉइंट पाच पिच. इंचाचा नाही." म्हणजे अमेरिकन गोष्ट बाद. अमेरिकन गिटारचं स्क्रूकाम इंचात असतं. मिलिमीटर म्हणजे जपान, नाहीतर कोरिया.

तेवढ्यात तो म्हणाला, "दादा, याच्या डोक्यावर ठिपका आहे बघा."

मी भिंग लावलं. चौफुलीच्या बाजूला खरंच एक टाचणीच्या टोकाएवढा ठिपका. तो हसला. "आरएक्स हंड्रेड खोलताना हाच त्रास. जपानी स्क्रू. आपला साधा फिलिप्स लावला की निसटतो आणि डोकं खराब होतं. याला जपानी बिट लागतो."

बरोबर! जपानी मानकाची चौफुली फिलिप्सपेक्षा जरा निराळी असते आणि ओळखायला डोक्यावर असा ठिपका देतात. बाइकवाल्या मित्रांना हे ठाऊक असेल. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे बनलेल्या आरएक्स १०० चे वेडे लोक अजूनही जपानी शिक्क्याच्या पार्टसाठी गॅरेज पालथी घालतात. बासचे वेडे त्याच जातीचे, फक्त किक मारत नाहीत.

पुढे कंट्रोल प्लेट उघडली. आत व्हॉल्युम आणि टोनचे पॉट. दोघांवर जुना, चकचकीत, नेटका कारखान्यातला डाग. कपॅसिटर मात्र बदललेला, त्याचा डाग ओबडधोबड. हे काम इथल्याच कुणा रेडिओवाल्याचं असणार. मान काढून पाहिली तर स्क्रूंची छिद्रं एकास एक, जादा छिद्र एकही नाही. पट्टीच्या खालच्या लाकडावर पट्टीच्याच आकाराचा फिका चौकोन. म्हणजे पट्टी पहिल्या दिवसापासून इथेच होती. पॉलिश जाड, काचेसारखं, सत्तरच्या दशकातल्या जपानी कारखान्यांच्या पद्धतीचं.

शेवटी डोकं. रंग खरवडायचा नाही, हे मी आधीच बजावलं होतं. त्या लाल अक्षरांनाही इतिहास आहे! शटर पूर्ण खाली ओढलं, अंधार केला आणि मोबाइलचा टॉर्च डोक्याला अगदी समांतर धरला. तिरक्या उजेडात रंगाखालची कड उठून दिसते. सुरुवातीला एक उभी रेघ, शेवटी इंग्रजी झेड. मध्ये काय असेल ते सांगायला नकोच.

मार्च १९७८. आयबानेझ. जपान. कोरियन कॉपी नाही.

एक गोष्ट मात्र तिथेच सांगून टाकतो. इंटरनेटवर जुनी जपानी गिटार विकणारे 'लॉसूट गिटार' असा शब्द टाकून भाव वाढवतात. खरा किस्सा एवढाच: २८ जून १९७७ ला गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिनने आयबानेझच्या अमेरिकेतल्या वितरक कंपनीवर, एल्गरवर, फिलाडेल्फियात दावा लावला. वाद होता गिटारच्या डोक्याच्या आकाराचा. तो कोर्टाबाहेर मिटला. बाकी प्रत्येक जपानी कॉपीला 'लॉसूट' म्हणणं म्हणजे प्रत्येक आंब्याला देवगड म्हणण्यासारखं.

नागोया कनेक्शन

वर्कशॉपमधून बाहेर पडलो तर कोपऱ्यावर एक बेंजो पार्टी रियाझ करत होती. ढोल, ताशा, कीबोर्ड आणि पुढे बेंजो. लग्नाच्या वरातीत, गणपतीत, हळदीला आपल्याकडे जो बेंजो वाजतो त्याचा अमेरिकन बँजोशी काही संबंध नाही. तो म्हणजे टाइपरायटरसारखी बटणं असलेला बुलबुल तरंग, त्याला पिकअप बसवून अॅम्प्लिफायरला जोडलेला. आणि हा बुलबुल तरंग मूळचा कुठला? जपानचा! तिथे त्याचं नाव ताइशोगोतो. गोरो मोरिता नावाच्या माणसाने १९१२ साली, ताइशो युग सुरू झालं त्याच वर्षी, तो बनवला. शहर कोणतं? नागोया!

आता गंमत बघा. होशिनो कंपनी १९०८ सालची, नागोयाच्या एका पुस्तकाच्या दुकानाच्या संगीत विभागातून निघालेली. पुढे त्यांनी साल्वादोर इबान्येझ नावाच्या स्पॅनिश कारागिराच्या गिटार आयात केल्या आणि नंतर त्याचंच नाव आपल्या गिटारला दिलं. त्या गिटार बनायच्या मुख्यतः मात्सुमोतो या डोंगरातल्या शहरात, १९६० साली सुरू झालेल्या फुजिगेन कारखान्यात. त्याच शहरात मात्सुमोकूही होती. ती कंपनी शिलाई मशीनची लाकडी टेबलं बनवायची आणि त्याच सुतारकामाच्या हाताने गिटारकडे वळली. १९८७ मध्ये ती बंद पडली.

म्हणजे बोईसरच्या त्या नाक्यावर, दहा फुटांच्या अंतरात, नागोयाची दोन वाद्यं उभी होती. एक बेंजो होऊन आपल्यात इतका मुरला की त्याचं जपानीपण कुणाला आठवत नाही. दुसरी पेटीत बसून ओळखपत्राची वाट पाहत होती.

मुंबईच्या संगीतात जपानचा हात तसा जुनाच. हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात बास आणि गिटार वाजवणारे चरणजित सिंग यांनी १९८२ साली रोलंड कंपनीची जपानी यंत्रं घेऊन दहा रागांचा डिस्को अल्बम केला. त्यातलं टीबी-३०३ हे यंत्र मुळात बास गिटारवाल्याची जागा घ्यायला काढलेलं! आणि आता जपानी तंत्रज्ञानाच्या मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनच्या बारा स्थानकांपैकी एक बोईसरलाच होतंय. आजोबांची बास मात्र बोटीने आली, तिकीट न काढता.

आली का, हाच तर प्रश्न होता.

फोटोची मागची बाजू

दुपारी पडवीत सगळे जमले. मी जे दिसलं ते सांगितलं. काका लक्ष देऊन ऐकत होते. मग त्यांनी अगदी बरोबर प्रश्न विचारला. "अठ्ठ्याहत्तर साली बनली, हे मान्य. पण चौऱ्याऐंशीला जुनी म्हणून चोरबाजारातून घेतली नसेल कशावरून?"

खरं आहे. नंबर जन्म सांगतो, प्रवास सांगत नाही. मार्च १९७८ च्या आधी ती या घरात येऊ शकत नाही, एवढीच एक बाजू पक्की झाली. दुसरी बाजू पक्की करायला ती कुणाच्या हातात कधी दिसली हे लागतं. म्हणून मी विचारलं, "ऑर्केस्ट्राचा एखादा फोटो आहे का?"

आजी उठल्या. देवघराच्या खालच्या कप्प्यातून एक प्लास्टिकची पिशवी आणली. रेशनकार्ड, जुनी सीडीसी, म्हणजे खलाशाचं ते निळं पुस्तक, आणि खाली तीन-चार ब्लॅक अँड व्हाइट फोटो. एका फोटोत स्टेज, मागे गणपतीची आरास, पाच जण. उजव्या टोकाला बेलबॉटममधले आजोबा आणि त्यांच्या गळ्यात बास. डोकं तेव्हा रंगवलेलं नव्हतं. भिंगातून पांढऱ्या अक्षरांचा शेवटचा झेड दिसत होता.

बास तीच कशावरून? लाकडावरून. कुठल्याही दोन झाडांच्या रेषा सारख्या नसतात, अगदी आपल्या बोटांच्या ठशांसारखं. या बॉडीवर ब्रिजच्या खाली एक गडद रेघ वळून इंग्रजी यू सारखी होते. फोटोत तीच रेघ, त्याच जागी. शिंगाचा टवका मात्र फोटोत नव्हता, तो नंतरचा.

फोटो उलटला. मागे स्टुडिओचा शिक्का आणि शाईच्या पेनाने लिहिलेलं: गणेशोत्सव १९८१.

मार्च १९७८ च्या नंतर आणि सप्टेंबर १९८१ च्या आधी. सीडीसीवरची शेवटची उतरल्याची नोंद नोव्हेंबर १९७९ ची. कोबे बंदरात घेतली की योकोहामात, की सिंगापुरात, हे कुणी लिहून ठेवलेलं नाही. पण चौऱ्याऐंशी नाही, हे नक्की.

काका फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. "मग चौऱ्याऐंशीला पेटी घरी आली ती?"

"ऑर्केस्ट्रा मोडला ना त्या वर्षी," आजी म्हणाल्या. "तोपर्यंत गिटार मंडळाच्या खोलीतच असायची. घरात जागा कुठे होती?"

"आणि बांगड्या?"

"वादळात कौलं उडाली होती. वासे पण बदलले. ती काय गिटारने बदलली?"

"मग सांगितलं का नाहीस कधी?"

"तू विचारलंस कधी?"

झोपाळ्याची कडी तेवढी वाजत राहिली. मित्राने माझ्याकडे पाहिलं, मी चहाच्या कपाकडे. मग काकांनी बास मांडीवर घेतली, उलटी, पट्टीवरचा नंबर अंगठ्याने पुसला आणि मला विचारलं, "याच्या तारा कुठे मिळतात?"

त्या संध्याकाळी मुंबईच्या माणसाला फोन गेला. विकायची नाही म्हणून.

रात्री जेवायला तांदळाच्या भाकऱ्या, पापलेटचं कालवण आणि तळलेले बोंबील. आजी जेवल्या. मी जरा जास्तच जेवलो.

तुमच्याही माळ्यावर आहे का?

\* आधी फोटो काढा, मग पुसा. नंबर, पट्टी, डोक्याची पुढची-मागची बाजू, पॉट. सगळ्याचे स्पष्ट फोटो.
\* जुना रंग, स्टिकर, नाव खरवडू नका. तिरक्या उजेडात बघा.
\* जुने स्क्रू, खुंट्या, पिकअप बदलले तरी मूळ भाग डबीत जपून ठेवा. किंमत त्यांच्यामुळे असते.
\* जपानी स्क्रूला जपानी बिट. नसेल तर स्क्रूला हातच लावू नका.
\* नंबर ही एक साक्ष. लाकूड, वायरिंग आणि घरातले फोटो जुळले तरच साल पक्कं धरा.
\* समुद्राजवळ राहत असाल तर तारा सैल करून, सुक्या कपड्यात, भिंतीपासून लांब ठेवा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा पेटी उघडा.
\* आणि घरातल्या आजीला विचारा. आधी!

कसं जाल?

चर्चगेटहून डहाणू लोकल पकडा किंवा विरारला गाडी बदला. बोईसर पश्चिमेला उतरलं की नवापूर, आलेवाडी, नांदगाव, तारापूर, चिंचणीकडे जाणाऱ्या शेअर रिक्षा मिळतात. अणुवीज केंद्राच्या परिसरात कॅमेरा काढू नका, कडक मनाई आहे. परतताना पालघरला उतरून सातपाटी गाठा. होड्या लागण्याची वेळ साधली तर बंदरावरची लगबग बघण्यासारखी. पापलेट हा २०२३ पासून महाराष्ट्राचा राज्यमासा आहे आणि सातपाटी हे त्याचं माहेर! शिरगावचा किल्ला तिथून जवळच. हिवाळ्यात गेलात तर डहाणू-घोलवडचे चिकू पिशवीभर आणा.